कोणाला दिसू नये म्हणून

सुगंधाबाईंच्या वहीवर लिहिलेलं होतं, 'भजन मंडळ, हजेरी'. आत भजनाचं काही नव्हतं. आत चौदाशे माणसांची नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे एक नंबर.

त्या नंबरांचं रजिस्टर वेगळं. ते दवाखान्यात उघड्या फळीवर असायचं. त्यात नंबरापुढे रक्ताचा निकाल लिहिलेला असे, पण नाव नसे. सावलीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात सिकलसेलची तपासणी सुरू झाली तेव्हापासूनची ही रीत, आणि ती तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या सुगंधाबाईंनीच घातलेली. या आजारात रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंग दुखतं, ताप येतो, कधी जीवावरही बेततं. पण गावात आजारापेक्षा त्याच्या नावाची भीती जास्त. एका पोरीला आहे म्हणून कळलं, की तिचं लग्न तर राहिलंच, तिच्या चुलतबहिणींची स्थळंही दारावरून परत जात. म्हणून नावांची वही भजनाच्या कव्हरात, आणि ती वही सुगंधाबाईंच्या घरी, तांदळाच्या कोठीत.

वीस वर्षं त्या वहीला कोणी हात लावला नाही. खरं तर सुगंधाबाईंनाही ती फारशी उघडावी लागत नसे. नाव घेतलं की नंबर तोंडावर. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "सुगंधाबाई, तुमचं डोकं म्हणजे दुसरी वही आहे."

अडचण एकच होती. पोरी सासरी जात. आडनाव बदले, आणि तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की पहिलं नावही जाई. इकडची पोर तिकडे वेगळ्याच नावाने आजारी पडे आणि तिथल्या डॉक्टरला काही पत्ता लागत नसे. असं दोनदा झालं. दुसरी पोर वाचली, पहिली नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नागपूरच्या संस्थेला लिहिलं, आणि २००५ साली दवाखान्याच्या गच्चीवर भल्या मोठ्या ताटलीसारखी अँटेना बसली, आणि खालच्या खोलीत एक सर्व्हर आला. त्यात माहेरचं नाव आणि सासरचं नाव शेजारी शेजारी राहणार होतं. कुठल्याही डॉक्टरचा फोन आला, की मिनिटात निकाल सांगायचा.

सर्व्हर सांभाळायला सुरेंद्र होता. तिशीतला, नागपुरात कॉम्प्युटर शिकून परत आलेला. त्याचे वडील देवाजी गावच्या तलावात मासेमारी करणारे. सुगंधाबाईंनी सुरेंद्रला नेकर घालायच्या वयापासून पाहिलेलं, म्हणून मशीन सुरू होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच त्यांनी त्याला दम भरला.

"हे पाह्य सुरेंद्र, माही वही कोठीत हाय. तुही मशीन तं साऱ्या जगाले जोडली. कोनी पायलं तं?"

"पायनारच ना बाई. लोकाइले काम नाई. त्याइचे प्रोग्राम दिवसभर दारोदार फिरून राह्यले. मशीन ठोकून पाह्यते. मशीन जवाब कसा देते, त्याच्यावरून ओळखते का आत कोनती सिस्टिम हाय. एक डाव ते समजलं का मंग कुठून घुसाचं तेही समजते."

"नुसत्या जवाबावरून?"

"तुमी नाई ओळखत का? सिरोंचाकडला मानूस दोन शब्द बोलला का तुमी म्हनता, हा तिकडला."

सुगंधाबाई हसल्या. हे त्यांना पटलं. तपासणीच्या रांगेत खोटं गाव सांगणाऱ्या किती बाया त्यांनी नुसत्या बोलीवरून पकडल्या होत्या.

"मंग मी का केलं," सुरेंद्र खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आपल्या मशीनले दुसऱ्या गावची बोली शिकवली. हाय लिनक्स, पन जवाब देते विंडोजसारखा. येनारा चोर विंडोजच्या चाव्या घेऊन येईन अन् दार चाचपत बसन."

"भजनाचं कव्हर घातलं म्हन ना."

"तेच!"

सुगंधाबाईंना मनापासून बरं वाटलं. वीस वर्षं त्या जे करत आल्या, तेच हा शिकलेला पोरगा मशीनवर करत होता. त्या दिवशी त्यांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. देवाजीही आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भाताचा घास कालवत म्हणाले, "आमी जाळं टाकतो तं कदी कदी त्याच्या निशानीचा भोपळा बुडवून ठेवतो. वर तरंगला नाई तं चोराले दिसत नाई. खरं हाय. पन कासव का भोपळा पाहून येते काय, पोरा? ते तं तळानं चालत येते. लागलं तं फाडलं."

"बाबा, हे तलाव नोहोय."

"मले का समजते बाप्पा. मी आपलं म्हनलं."

नागपूरच्या संस्थेत अमर म्हणून एकजण सगळ्या दवाखान्यांच्या मशीन पाहत असे. अँटेना बसवायला तो स्वतः आला होता, तेव्हा सुरेंद्रने त्याच्याकडे सहज विषय काढून पाहिला होता. अमर म्हणाला होता, "लपवायला माझी ना नाही. चोराचा तासभर जाईल, एवढंच. पण भोकं बुजवणं हे खरं काम. आणि माझ्याकडे सत्तावीस दवाखाने आहेत. मीही लांबूनच ठोकून पाहतो कुठे कोणती सिस्टिम आहे, आणि त्याप्रमाणे दुरुस्त्या पाठवतो. तू रंग बदललास तर माझीच फसगत होईल. नको करू."

सुरेंद्रने तेव्हा मान डोलावली, आणि अमर गेल्यावर आठ दिवसांनी केलं. अमरला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात नागपूरहून दुरुस्त्यांची यादी आली. सावलीच्या नावापुढे लिहिलं होतं, विंडोज. सुरेंद्र तो कागद नाचवत सुगंधाबाईंच्या टेबलापाशी आला. "पाहा बाई! नागपूरवाल्याइलेही ओळखू नाई आली. आपल्याच मानसाले नाई ओळखू आली, तं चोराची का बिशाद?"

सुगंधाबाईही हसल्या. पुढे अनेक वर्षं त्यांना ते हसणं आठवत राहिलं. कागद विंडोजचा, म्हणजे आपल्या कामाचा नाही, म्हणून सुरेंद्रने तो खणात टाकला. दर महिन्याला एक येत गेला, एक खणात जात गेला. आणि दर शनिवारी सगळी माहिती सीडीवर उतरवायची, तेही हळूहळू मागे पडलं. दिवाळीनंतर सीडी केलीच नाही. पडद्यामागे ठेवलेल्या मशीनला होणार काय, असं त्याला वाटे. सुगंधाबाईंनी विचारलं असतं तर त्याने केली असती. त्यांनीही विचारलं नाही.

माघात नावं चढवली. कोठीतली वही काढून सुगंधाबाई रोज दवाखान्यात न्यायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि हळू आवाजात एकेक नाव सांगायच्या. सुरेंद्र टाइप करी. सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी त्यांनी वहीला हळदकुंकू लावलं, दोन फुलं ठेवली, आणि बसने वैनगंगेवर गेल्या. आपल्याकडे जीर्ण पोथी रद्दीत देत नाहीत, नदीत सोडतात. ही वही पोथीपेक्षा कमी नव्हती. शिवाय ती कोणाच्या हाती लागायला नको. पाण्यात धरली तेव्हा शाई आधी निळी पसरली, मग कागद जड झाला. वही खाली गेली. सुगंधाबाई हात जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि परत येताना त्यांना डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं हलकं वाटलं.

त्या हलकेपणातच पुढचं सगळं होतं. आता नाव आलं की त्या सुरेंद्रला सांगत, आणि विसरून जात. मशीनमध्ये गेलं की डोक्यातून उतरलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच दुपारच्या त्या डोळे मिटून बसू लागल्या होत्या.

वैशाखात चंदाची दिव्यानी लग्न होऊन गेली. चंदा म्हणजे शेजारच्या खेड्यातली, धानाची तीन एकर शेती करणारी. दिव्यानीला नुसता वाहकपणा नव्हता, आजारच होता. नऊ वर्षांची असताना शाळेच्या तपासणीत निघाला. तेव्हापासून ती दर महिन्याला गोळ्यांसाठी येई, आणि सुगंधाबाईंच्या टेबलावरचे शिक्के उलटेसुलटे मारून पाही. स्थळ गोंडपिपरीकडचं होतं.

"चंदा, पोराकडच्याइले सांगितलं का?" सुगंधाबाईंनी विचारलं होतं.

चंदाने त्यांचे पाय धरले. "बाई, नका वो. सांगलं तं पोर घरीच राहीन जनमभर. तुमी वीस वर्सं कोनाचं नाव काढलं नाई. माह्या पोरीचंच काऊन काढता?"

"मी नाई काढत. तू सांग म्हनते. तिले चिखलात, पान्यात राबवतीन. तिले सोसनार नाई."

"गोळ्या देऊन ठेवीन. हळूहळू सांगीन. एक लेकरू होऊ द्या."

सुगंधाबाई गप्प राहिल्या. गप्प राहणं हे त्यांचं कामच होतं. लग्नानंतर पंधरा दिवसांनी चंदा बाजारात भेटली, शेवग्याच्या शेंगांचा जुडा हातात, आणि कानाशी येऊन म्हणाली, "भाग्यश्री ठेवलं नाव. लिवून घ्या मशीनीत." सुगंधाबाई तशाच दवाखान्यात गेल्या, सुरेंद्रकडून लिहून घेतलं, आणि नेहमीसारख्या विसरल्या.

श्रावणातल्या एका सोमवारी सुरेंद्रने खोली उघडली तर सर्व्हर चालू होता, आणि आत काही नव्हतं. कोणी तरी घुसलं होतं, मशीन चार दिवस आपल्या कामाला जुंपली होती, आणि जाताना सगळं पुसून गेलं होतं. सुरेंद्र दुपारपर्यंत त्या खुर्चीतून उठला नाही. दिवाळीची सीडी होती. तिच्यात नंबर होते, निकाल होते. नावं माघात चढवलेली. एकही नाव नव्हतं.

"बाई," तो दारात येऊन म्हणाला. ती सीडी त्याने त्यांच्या टेबलावर ठेवली.

सुगंधाबाईंनी त्याला रागावलं नाही. नवी वही आणवली आणि लिहायला बसल्या. आठवेल तसं, गावावारी, घरावारी. पाच दिवसांत चारशे नावं झाली. जुनी नावं भराभर येत. वीस वर्षांपूर्वीची माणसं चेहऱ्यासकट समोर उभी राहत. अडत होतं ते अलीकडचं, ज्याला डोक्यात जागाच दिली नव्हती.

सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला फोन आला. डॉक्टरीणबाई मुलचेऱ्याकडे शिबिराला गेल्या होत्या. सुगंधाबाईंनीच उचलला. गोंडपिपरीकडच्या एका दवाखान्यातून कंपाउंडर बोलत होता.

"सावलीचा दवाखाना काय? इथी एक पेशंट आनली हाय. भाग्यश्री नाव. वय वीस. धानाच्या रोवन्याला गेली होती, तिथूनच आनली. पोट धरून ओरडून राह्यली, ताप हाय. डॉक्टर म्हनते आतडं असन. पोरगी एकच म्हनते, सावलीच्या दवाखान्यात विचारा. पुढं विचारलं तं सासूकडं पाह्यते अन् चुप होते. तुमच्याकडे काई हाय काय तिचं?"

भाग्यश्री. सुगंधाबाईंच्या हातात नवी वही होती. तिच्यात तीन भाग्यश्री लिहिलेल्या होत्या. दोघींचं रक्त चांगलं होतं, तिसरी सासरहून कधीचीच परत आलेली.

"माहेरचं नाव का?"

"सासू इथीच हाय, विचारू काय? तुमी काऊन विचारता, काई बिमारी हाय काय म्हनते ते."

मागे एका बाईचा चढा आवाज येत होता. सुगंधाबाईंच्या ओठांवर शब्द आला होता. *सिकल समजून चाला, पाणी चढवा, चंद्रपूरला न्या.* एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण तो कंपाउंडर ते तिथेच मोठ्याने बोलला असता. सासू ऐकत होती. आणि ही पोरगी चांगल्या रक्ताची निघाली तर? खात्री नसताना एका घरावर तो शब्द टाकायचा? वीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"पाहून सांगते," त्या म्हणाल्या. "दहा मिनटात फोन करते. पोरीच्या जवळ कोनी नसन तवा माहेरचं नाव विचारून ठेवा."

दहा मिनिटांनी फोन लावला तर लाइन मेलेली. पावसात ती नेहमीच मरायची. सुरेंद्र एसटीडीच्या दुकानात धावला, तिथेही तेच.

सुगंधाबाई वही घेऊन बसल्या. सावलीकडून गोंडपिपरीकडे दिलेल्या पोरी, एकेक आठवायच्या. अमकीची मोठी, तमक्याची धाकटी. एक वाजला, दोन वाजले. सुरेंद्र समोर उभा होता. तो म्हणाला, "बाई, मी सीडीत वीस वर्साच्या पोरी काढतो, निकाल खराब आलेल्या." एकतीस नंबर निघाले. नंबर पाहून आधी नाव तोंडावर यायचं. आता एकतीसच्या एकतीस नुसते आकडे होते. सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्यांनी यावर्षीची लग्नं घेतली. तिथीवार. अक्षयतृतीयेची, त्याच्या नंतरच्या मंगळवारची. कोणाकडे जेवलो, कोणाकडून बुंदी आली. तीनच्या सुमारास चंदाच्या मांडवातली ओली माती त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि मागोमाग बाजारात कानाशी लागलेल्या तिच्या तोंडाचा वास, सुपारीचा.

"दिव्यानी!" त्या ओरडल्या. "सुरेंद्र, आपली दिव्यानी होय ते!"

सुरेंद्रने मोटरसायकलला किक मारली. चिठ्ठी सुगंधाबाईंनी लिहिली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा नाव आणि आजार एका ओळीत लिहिला. आधी मूल गाव, मग पोंभुर्णा, वाटेत नाल्याला पाणी. तो सव्वापाचला पोचला. दिव्यानीला चारला जीपमध्ये घालून चंद्रपूरला काढलं होतं. चंद्रपूर यायच्या आधीच ती गेली होती.

आठ दिवसांनी अमर आला. त्याने दोन दिवस मशीन तपासली. मशीनच्या स्वतःच्या नोंदींचे काही तुकडे त्याला डिस्कवर सापडले. सुगंधाबाई दारापाशी स्टुलावर बसून ऐकत होत्या.

"घुसणारा माणूस नव्हताच," अमर म्हणाला. "नुसता प्रोग्राम होता. आणि त्याने मशीन कोणती हे विचारलंच नाही. वेबच्या एका प्रोग्रामात भोक होतं, ते दिसेल त्या दारावर ठोकत हिंडत होता. विंडोज म्हटलंस काय, लिनक्स म्हटलंस काय, त्याला ऐकायलाच येत नव्हतं. त्या भोकाचं ठिगळ मी ज्येष्ठात पाठवलं होतं. माझ्या यादीत जेवढ्या लिनक्स मशीन होत्या, तेवढ्यांना."

सुरेंद्र जमिनीकडे पाहत होता. "म्हनजे मी लपवलं म्हनून झालं."

अमरने चष्मा पुसला. तो कठोर माणूस नव्हता. "लपवल्यामुळे तो आला नाही रे. तो आलाच असता. लपवल्यामुळे मला ही मशीन दिसली नाही, एवढंच."

सुरेंद्र बाहेर जाऊन पायरीवर बसला. देवाजी त्याला घ्यायला आले होते. ते पोराच्या शेजारी बसून राहिले.

चंदाकडे जायला सुगंधाबाईंना आणखी तीन दिवस लागले. चंदा ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. पाखडत नव्हती, नुसते बोटांनी इकडचे तिकडे करत होती. सुगंधाबाई समोर बसल्या. कोणीच रडलं नाही. शेजारच्या बाईने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली.

"मशीन बिघडली होती म्हनते," चंदा म्हणाली. "सुरेंद्र येऊन गेला. पाया पडला माह्या."

"बिघडली होती."

"तुमाले तं बिना मशीनीचं सारं याद राह्यते, बाई."

"राहात होतं."

चंदाने सूप बाजूला ठेवलं. "फोन तुमीच घेतला?"

सुगंधाबाईंनी घरून निघताना ठरवलं होतं, एवढंच सांगायचं: फोन आला, लाइन गेली, इलाज चालला नाही. त्यात खोटं काही नव्हतं. चंदालाही तेच ऐकायचं असेल, असं त्यांना वाटलं होतं. कोणाच्याही दुखण्यावर पांघरूण घालायचा त्यांचा हात इतका सवयीचा होता.

"मीच घेतला," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता. नाव आठवलं तीनला."

चंदा ओठ हलवत काही तरी मोजत राहिली.

"आनखी एक हाय, चंदा. नाव नाई आठवलं तरी मले बोलता आलं असतं. सिकल समजून चाला, एवढं. तोंडापर्यंत आलतं. तिची सासू मागं उभी होती, म्हनून नाई बोलली मी."

अंगणात कोंबडी पिलं घेऊन फिरत होती. चंदाची नजर तिच्यावर होती, पण ती काही पाहत नव्हती.

"म्याच सांगलं होतं तुमाले," ती शेवटी म्हणाली. "नका काढू म्हनलं, पाय धरले."

"धरले होते."

"तुमी ऐकाले नोहोतं पाह्यजे."

"हो," सुगंधाबाई म्हणाल्या.

चंदाने पदराने तोंड झाकलं. मग तिचा आवाज फुटला, आणि सुगंधाबाई पुढे सरकून तिला धरायला गेल्या, तर तिने त्यांचा हात झिडकारला. थोड्या वेळाने तोच हात तिने पुन्हा शोधला, आणि इतका घट्ट आवळला की बांगडी मनगटात रुतली. सुगंधाबाईंनी हात सोडवून घेतला नाही.